आईचा वाटा

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच कुणाचं भांडं रिकामं परत केलं. त्यासाठी आम्हाला ऑकलंडहून विमानानं सामोआला आणि तिथून मालवाहू बोटीनं टोकेलाऊला जावं लागलं.

टोकेलाऊ म्हणजे न्यूझीलंडच्याच छत्राखाली, पण न्यूझीलंडपासून फार फार दूर पॅसिफिकमध्ये असलेली तीन प्रवाळबेटं. त्यांतल्या एकावर माझं काम होतं. हातातली बांगडी फुटून तिचे तुकडे गोल पडावेत तशी तिथली जमीन. तुकड्यांच्या आत हिरवं, शांत पाणी आणि बाहेर महासागर. विमानतळ नाही, बंदर नाही, डोंगर तर सोडाच, उंचवटासुद्धा नाही. गाव सूर्यावर चालतं. दिवे, फ्रीज, शाळेतले कॉम्प्युटर, सगळं सौरऊर्जेवर. त्या यंत्रणेच्या जुन्या बॅटऱ्या काढून नव्या बसवायला आमच्या कंपनीनं मला पाठवलं होतं. काम थोडंच होतं. पण बोट आपल्या मर्जीनं येते आणि मर्जीनं जाते, त्यामुळे घरी कधी परतणार हे कुणी सांगू शकत नव्हतं.

आणि घरी आई होती.

आई वेंगुर्ल्याची, लग्नानंतर डोंबिवलीची. बाबा गेल्यावर मी तिला ऑकलंडच्या उपनगरात, पापाटोएटोला, माझ्या घरी आणलं. आणलं खरं, पण लेकीच्या घरी माणूस पाहुणाच असतो ही तिची समजूत काही डोंबिवलीला राहिली नाही, तिच्याबरोबर विमानात बसून आली. आम्हीही त्या समजुतीला खतपाणीच घातलं. तिनं झाडू उचलला की मी म्हणायचे, आई, तू बस. तिनं कुकर लावला की माझा नवरा म्हणायचा, थँक्यू आई, कशाला त्रास घेतलात. माझा नवरा सदाशिव पेठेतला. पेठेच्या कीर्तीला न शोभेल इतका गोड बोलतो. आईच्या हातची आमटी गेली काही वर्षं तो खातोय, आणि दरवेळी एकच वाक्य: "छान झालीय आई, थँक्यू."

तो पक्का शाकाहारी. म्हणून आईनं त्या घरात एकदाही मासे केले नाहीत. आपण होऊन त्यानं सांगून पाहिलं की करा हो, मला काही वाटत नाही. पण जावयाच्या स्वयंपाकघरात माशांचा वास म्हणजे तिला भलतंच वाटे. एकदा मी तिला सुपरमार्केटात नेलं, तर तिथले पांढरे, सोललेले तुकडे बघून म्हणाली, ह्याला ना डोकं ना शेपूट, हा मासा होता याला पुरावा काय?

आमची लेक पामर्स्टन नॉर्थला शिकायला गेली आणि घर आणखी शांत झालं. ती आजीचं मराठी सगळं समजते आणि उत्तरं इंग्रजीत देते, पण निदान उत्तरं देते. ती गेल्यावर आई दिवसभर नीटनेटकी साडी नेसून खिडकीपाशी बसायची, स्टेशनवर पाहुणे बसतात तशी. मग एका रविवारी पोहे खाताना तिनं जाहीर केलं की गणपतीनंतर ती डोंबिवलीला जाणार, कायमची. तिकीटही काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमचं काही चुकत नाही गो. तेच तर."

मला रडू आलं आणि रागही आला. एकटी राहणार तिथे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत. मी खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली, पाहुण्यासारखी. तेवढ्यात हे टोकेलाऊचं काम आलं. तिला दिवसभर रिकाम्या घरात ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर मला तिचं मन वळवायला वेळ हवा होता. तिथे जायला गावाच्या वडीलधाऱ्यांची परवानगी लागते. आईला आणू का असं मी भीत भीत विचारलं, तर उत्तर आलं की आईला घरी ठेवून येणाऱ्या माणसाबद्दलच आम्हाला काळजी वाटली असती.

बोटीवर सगळेजण डेकवर चटया अंथरून झोपतात. तांदळाची पोती, पिठाच्या गोण्या, माझ्या बॅटऱ्यांची खोकी आणि मधे माणसं. बोट हलायला लागली आणि मी जी बादली धरली ती सोडली नाही. आई मात्र खलाशाची नात असल्यासारखी मांडी घालून बसली आणि डबा उघडून चिवडा खाऊ लागली. शेजारच्या चटईवर तिच्याच वयाची एक बाई होती, चांगली भरभक्कम, केसांत प्लास्टिकचं फूल. आईनं डबा पुढे केला. बाईनं चमच्याची वाट न पाहता मूठ भरून घेतली, आणि आई खूश झाली. ती बाई मनुरेवाला मुलाकडे राहून परत गावी चालली होती. म्हणजे आमच्यापासून दोनतीन स्टेशनं पलीकडे राहणारी बाई आम्हाला भर समुद्रात भेटली. गावात पोचल्यावर कळलं की आम्हाला दिलेलं घर तिच्या घराला लागूनच आहे.

पोचणं म्हणजेही एक प्रकरणच. बोट खडकाच्या बाहेर उभी राहते आणि छोट्या होडीत उतरावं लागतं. दोन तगड्या माणसांनी आईला तांदळाच्या पोत्यासारखं उचलून खाली दिलं. साडीची तिला काळजी, मला तिची, आणि त्यांना कशाचीच नाही. किनाऱ्यावर गळ्यात माळा पडल्या, गाणं झालं, आणि नीरफणसाच्या झाडाखाली आईसाठी एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली.

ती खुर्ची पुढे आमच्या मागेच लागली. आई कुठेही जावो, चर्चच्या अंगणात, किनाऱ्यावर, बायका चटया विणतात त्या मोठ्या उघड्या घरात, तिच्या आधी खुर्ची पोचलेली असे. सगळ्या बायका जमिनीवर बसून हसत-खिदळत काम करायच्या आणि आई मधोमध उंचावर, हळदीकुंकवाला बोलावलेल्या कलेक्टरच्या बायकोसारखी. जेवायलाही आधी तिला आणि मला वाढायचे, आणि आमचं होईपर्यंत बाकीचे थांबायचे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "इथेही 'आई, तू बस'च."

पहिल्या संध्याकाळी शेजारणीकडून निळ्या काठाचा एक मोठा वाडगा आला. नारळाच्या दुधात शिजवलेला मासा, डोक्यासकट. आईनं डोळे मिटून चव घेतली. तिरफळ नाही, पण मासा आज सकाळपर्यंत पोहत होता, असा निकाल तिनं दिला. मग वाडगा घासला आणि प्रश्न आला की परत काय द्यायचं. भांडं रिकामं परत करू नये, निदान चमचाभर साखर तरी घालावी, हे तिच्या हाडात भिनलेलं. तिनं बॅगेतला रवा काढून शिरा केला आणि वाडगा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी वाडग्यातून भाजलेला नीरफणस आला. आईनं गुळाची खोबऱ्याची वडी पाठवली. मग आख्खी कोंबडी आली. आईनं उरलेल्या रव्याचे लाडू वळले. मग केवड्याच्या पानांची चटई आली, इतकी सुरेख की त्यावर पाय ठेवायला लाज वाटावी. त्यावर आईनं स्वतःची नवी कोरी शाल दिली. दोन्ही बाजूंनी हसणं, मान हलवणं, फाकाफेताई, फाकाफेताई, म्हणजे धन्यवाद, धन्यवाद. मी बॅटऱ्यांच्या शेडमधून दमून यायचे आणि बघायचे तर स्वयंपाकघरात युद्ध चाललेलं. पुढची बोट लांबली होती, गावच्या दुकानातली साखर संपली होती, आणि आईनं एकादशीसाठी आणलेला साबुदाणा जेव्हा बाहेर काढला तेव्हा मला कळलं की आपण हरतोय. मी म्हटलं, आई, पुरे कर आता. ती म्हणाली, "त्या देतायत आणि मी गप्प बसू? काय म्हणतील, हिला घ्यायचं तेवढं कळतं."

साबुदाण्याच्या खिचडीला उत्तर म्हणून डुकराचं पिल्लू आलं. जिवंत. सकाळी दार उघडलं तर ते खांबाला बांधलेलं, आणि आमच्याकडे अगदी आशेनं बघतंय. कोंबडी-मासळीपुढे आईची मजल कधी गेली नव्हती. ती मटकन चटईवर बसली आणि म्हणाली, आता ह्याच्या बदल्यात मी काय देऊ? तुला?

त्याच दिवशी दुपारी शेजारीण आली. नेहमीसारखी हसली नाही. पायरीवर बसली आणि मला म्हणाली की तुझ्या आईला बोलाव आणि मी सांगते ते नीट सांग. आईला इंग्रजी समजतं, पण भरभर बोललं की हातातून सुटतं, म्हणून मी मधे बसले. शेजारणीनं विचारलं, तुझी आई आमच्यावर रागावली आहे का? आमचं काय चुकलं?

मी चाट पडले. रागावली? उलट ती तर घरातलं सगळं किडूकमिडूक तुम्हाला देऊन बसली.

तेच, ती म्हणाली. आम्ही काहीही दिलं की दुसऱ्या दिवशी त्याची फेड. आमचं काही म्हणून अंगावर ठेवायचं नाही तिला. गावात बोलतात की ह्या बाईला लवकर मोकळं होऊन निघून जायचंय. म्हणून आम्ही आणखी चांगलं देत गेलो. आता डुकरापुढे आमच्याकडेही काही नाही.

मी भाषांतर केलं. आई तोंडावर हात ठेवून बसली. तिला हसू येत होतं की रडू ते तिलाच कळत नव्हतं.

मग शेजारीण तिच्याकडे वळून सावकाश बोलू लागली, आणि ते मला सांगावंच लागलं नाही. "पाहुण्याला भेट देतात," ती म्हणाली. "भेट आली की ती परत करायची असते. घरच्याला वाटा मिळतो. वाटा कुणी परत करतं का?"

पुढे तिनं मनुरेवाची गोष्ट सांगितली. मुलगा चांगला, सून चांगली, नातवंडं चांगली. पण पाणी दिलं की थँक्यू, टॉवेलची घडी केली की थँक्यू. आई, तू बस, टीव्ही बघ. तिनं एके दिवशी मुलाला विचारलं की हे घर आहे की हॉटेल, आणि बोट गाठली.

आई माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटत होतं की आम्ही तिला फुलासारखी जपतोय.

गावाची पद्धत शेजारणीनंच समजावली. गावासाठी सगळे पुरुष मिळून मासेमारीला जातात तेव्हा पकड कुणा एकाच्या घरी जात नाही. सगळी मासळी मैदानात ओततात आणि गावातल्या माणसागणिक वाटे घालतात. तान्ह्या बाळाचाही वाटा आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचाही. ह्याला इनाती म्हणतात. उद्या इनाती आहे. आई टोपली घेऊन आली तर तिलाही मोजतील. पण मग खुर्ची मिळणार नाही. बायकांबरोबर कामाला यावं लागेल, आणि त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत.

शेजारीण गेल्यावर आई बराच वेळ त्या पिल्लाकडे बघत बसली. मग म्हणाली, "टोपली मागून आण गो."

दुसऱ्या दिवशी मैदानात ट्यूना आणि लालनिळे खडकातले मासे यांचे ओळीनं ढीग घातले होते. आईनं सगळ्या ओळीवरून असा हात मागे बांधून फेरफटका मारला की मला वेंगुर्ल्याच्या बाजारातली तिची चाल आठवली. वाटे घालणारा एकेका घराचं नाव पुकारायचा आणि त्या घरचं कुणीतरी टोपली भरून न्यायचं. कुणी वाकत नव्हतं, कुणी आभार मानत नव्हतं. शेजारणीच्या घराचं नाव आलं आणि त्यातच आईचा आणि माझा वाटा होता. आई पुढे गेली, टोपली भरली, आणि सवयीनं हात जोडून म्हणाली, "फाकाफेताई." सगळं मैदान हसलं. वाटे घालणारा माणूसही हसला आणि पुढच्या घराचं नाव पुकारू लागला.

मी शेडकडे गेले आणि आई बायकांबरोबर स्वयंपाकाच्या छपराखाली. तिथे नारळ खवायचं बसकं लाकडी घोडं असतं, पुढे दातेरी पातं. आमच्या खवणीचंच सख्खं भावंड. आईला वाटलं, हे तर आपलं राज्य. ती बसली आणि लागली खवायला. मी दुपारी जेवायला आले तर ती लांबूनच मला हाक मारत होती, चेहरा असा फुललेला की बाबा असतानाही फारसा पाहिला नव्हता.

"माझ्यार रागावली गो ती," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

झालं होतं असं की आई आपल्या सवयीनं खोबरं पांढरं तेवढंच खवून करवंट्या बाजूला टाकत होती. सोलकढीला काळा कण आलेला तिला खपत नाही. शेजारणीनं त्या टाकलेल्या करवंट्या उचलून तिच्या नाकासमोर धरल्या, अर्धं खोबरं फुकट घालवतेस म्हणून झाडलं, आणि सगळ्या पुन्हा खवायला लावल्या. आईनं उलट मराठीत ऐकवलं. मग दोघीही बराच वेळ आपापल्या भाषेत भांडल्या, आणि नंतर एकाच ताटात जेवल्या. पापाटोएटोला आल्यापासून माझ्या आईवर कुणी रागावलं नव्हतं. हे तिनं मला असं सांगितलं, जणू कुणी तिला साडी नेसवली.

संध्याकाळी निळ्या काठाचा वाडगा घासून पालथा घातलेला होता. आईनं तो उचलला. साबुदाणा संपला होता, पण डब्यात थोडी साखर होती. तिचा हात डब्याच्या झाकणावर गेला आणि तिथेच थांबला. तिनं हात मागे घेतला, पदर खोचला आणि वाडगा रिकामाच घेऊन शेजारच्या घरी गेली. तिकडून कुणी काही बोलल्याचं ऐकू आलं नाही. वाडगा भांड्यांत ठेवल्याचा तेवढा आवाज आला.

पिल्लू परत शेजारणीच्या डुकरांच्या कोंडवाड्यात गेलं. पुढे त्याचं काय झालं ते आईनं विचारलं नाही, पण एका रविवारी चर्चनंतरच्या जेवणात ती फक्त शहाळ्यावर भागवून उठली.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले, निदान तिचे. खुर्ची कुठे गेली देव जाणे. बायकांचं मंडळ घराघरांची स्वच्छता तपासायला फिरतं, त्यात आईची भरती झाली. तपासणी हा तिचा जन्मजात विषय. आमच्या घरी आल्या तेव्हा तिनं दारातल्या माझ्या उलट्या पडलेल्या चपला आणि टेबलावरचा वायरींचा गुंता सगळ्यांना दाखवला, आणि माझ्याच आईनं मला नापास केलं. चटई विणायलाही बसली. तिनं विणलेली कड दुसऱ्या दिवशी कुणीतरी उसवून पुन्हा विणायची, आणि तेही तिला आवडायचं.

नव्या बॅटऱ्या लागल्या, दिवे नीट चालू लागले, आणि शेवटी बोट आली. त्या सकाळी पुन्हा इनाती होती. आम्ही दुपारी निघणार, तरी आईचा वाटा मोजलेला होता. मी म्हटलं, आम्ही तर चाललो. शेजारीण म्हणाली, मी खाईन ना. होडीत बसताना शेजारणीनं आईचा पदर नीट खोचून दिला. बोट सुटल्यावर मी माझी बादली शोधली आणि आई किनारा दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी राहिली.

ऑकलंडला उतरलो तेव्हा थंडी होती, आणि गणपती तोंडावर आले होते. तिकिटाचा विषय मी काढला नाही. काढायची भीती वाटत होती. पण दुसऱ्याच दिवशी आई स्टेशनजवळच्या दुकानांतून एक आख्खा स्नॅपर घेऊन आली, डोक्यासकट, आणि ओट्यावर ठेवून जावयाला म्हणाली की आज ह्या घरात मासे होणार. वास येईल. खिडक्या उघड्या ठेवा. तुमची आमटी वेगळी केली आहे.

माझा नवरा हो म्हणाला आणि खरंच सगळ्या खिडक्या उघडून स्वेटर घालून बसला. बोटीची, वाडग्याची, डुकराची गोष्ट मी त्याला सांगितली होती. शेजारीण आईवर रागावली तेवढं मात्र सांगितलं नव्हतं. ते आईचं होतं.

आम्ही जेवायला बसलो. मी आणि आई माशाच्या डोक्यावरून वाद घालत होतो. त्यानं आमटीचा पहिला भुरका मारला आणि मी नेहमीच्या वाक्याची वाट पाहू लागले. तो थांबला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाटीकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला, "आमटी खारट झालीय."

आईनं वाटी पुढे ओढली, चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"झालीय खरी," ती म्हणाली. "मग उद्या तुम्ही करा."

तो म्हणाला, करतो. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं केली. त्यात गूळ जास्त पडला, ते आईनं त्याला तोंडावर सांगितलं, आणि जेवण झाल्यावर हात पुसत मला म्हणाली की ते तिकीट तेवढं रद्द करून टाक.